ससे नव्हे, गवत मोजा

स्पेनमध्ये सशाबद्दल दोन तक्रारी एकाच वेळी ऐकू येतात. द्राक्षमळे आणि गव्हाची शेतं राखणारे म्हणतात, ससे माजलेत, कोवळा कोंब शिल्लक ठेवत नाहीत, मारायची परवानगी वाढवा. वन्यजीवांचे अभ्यासक म्हणतात, ससा संपत आलाय, त्याच्यावर जगणारी लिंक्स ही रानमांजरं आणि गरुड उपाशी मरतील, कुठून तरी ससे आणून सोडा. गंमत अशी की दोघंही खरं बोलतात. बीळ खणणारा हा ससा मूळचा आयबेरियन द्वीपकल्पातला, म्हणजे स्पेन-पोर्तुगालचा. तिथली घट पाहून २०१९ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने त्याची नोंद ‘संकटग्रस्त’ म्हणून केली. त्याच द्वीपकल्पात महामार्ग आणि रेल्वेच्या भरावांवर मात्र त्याची गर्दी आहे. भरावाची माती भुसभुशीत, खणायला सोपी. तिथे नांगर फिरत नाही, बंदूक चालत नाही, आणि दहा उड्यांवर कुणाचं तरी कोवळं पीक उभं. सशाला आणखी काय हवं? उलट जिथे चराई सुटून झुडपं दाट माजली किंवा मैलभर एकच पीक पसरलं, तिथे रोगाने मेलेल्या सशांची जागा पुन्हा भरलीच नाही.

या दोन तक्रारींना सरकारी उत्तरंही दोनच असतात: मारा, नाही तर सोडा. ही दोन्ही उत्तरं एकाच खोडीतून येतात, असं माझं म्हणणं आहे. ती खोड म्हणजे डोकी मोजायची. ससे, रानससे आणि त्यांचा नातलग पिका यांची संख्या हा नुसता निकाल आहे. खटला चालतो तो गवतात, बांधावर आणि मातीत. तिथे हात न घालता निकाल बदलायला गेलं की पैसा जातो आणि काही वर्षांनी पुन्हा तोच अर्ज टेबलावर येतो.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत ‘ससा’ म्हटलं की दोन प्राणी एकाच पोत्यात जातात. पिंजऱ्यातला पांढरा ससा हा युरोपातल्या बीळ खणणाऱ्या सशाचा वंशज. माळावर पायाशी अचानक उसळून धूम ठोकतो तो निराळा. त्याला इथे रानससा म्हणू. कूळ एक, घराणी वेगळी. बिळातल्या सशीण मादीचा गाभणकाळ साधारण तीस दिवसांचा. पिल्लं उघडी, आंधळी, जमिनीखाली जन्मतात. युरोपातल्या रानसशाची मादी सुमारे बेचाळीस दिवस गाभण राहते आणि पिल्लं उघड्यावर टाकते, पण ती केसाळ, डोळे उघडे असलेली, शंभर ग्रॅमच्या आसपास वजनाची असतात. एकाचा भरवसा मातीवर, दुसऱ्याचा नजरेवर आणि मागच्या पायांवर. तो ताशी सत्तर किलोमीटरपर्यंत वेग घेतो. त्यामुळे एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. रानसशासाठी कृत्रिम बिळं बांधणं म्हणजे माशाला शिडी देण्यासारखं. (दोघेही उंदीर-घुशींच्या गटातले नाहीत. वरच्या पुढच्या दातांमागे आणखी एक छोटी जोडी दडलेली असते, ती उंदराला नसते.)

मारण्याच्या बाजूचा सर्वांत मोठा प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला. १७८८ मध्ये ब्रिटिश वसाहतकऱ्यांच्या पहिल्या ताफ्याबरोबर पाच पाळीव ससे तिथे उतरले होते. नंतरही आणले गेले, पण खंडभर पसरले नाहीत. १८५९ च्या नाताळात व्हिक्टोरियातल्या बार्वन पार्कमध्ये थॉमस ऑस्टिन या जमीनदाराकडे इंग्लंडहून २४ ससे आले. त्यांत रानटी रक्त होतं, आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत त्यांच्या वंशजांनी खंडाचा मोठा भाग व्यापला. न्यू साउथ वेल्सने १८८३ मध्ये कायदा करून सशामागे बक्षीस लावलं. बक्षिसात एक मूळचीच खोट असते: ज्याचं पोट सशांवर चालतं तो ससे संपवणार कशाला? १८८७ मध्ये त्याच सरकारने रामबाण उपायासाठी २५,००० पौंड जाहीर केले. पाश्चर यांनी कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू घेऊन माणसं पाठवली, पण बक्षीस कुणालाच मिळालं नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाने १९०१ ते १९०७ या काळात जाळीचं कुंपण घातलं. त्यातलं पहिलंच १,८०० किलोमीटरांहून लांब. ते पुरं होईपर्यंत ससे पलीकडे पोहोचलेले होते. १९५० मध्ये मिक्सोमा हा सशांना मारणारा विषाणू सोडला, तेव्हा सुरुवातीला शंभरातले नव्याण्णव मेले. मग विषाणू सौम्य झाला, उरलेले ससे चिवट निघाले. १९९५ मध्ये वॉर्डँग बेटावरच्या चाचणीतून दुसरा विषाणू निसटला. पुन्हा मोठी पडझड, पुन्हा हळूहळू चढ.

हा चढ कशामुळे? प्रजननाचा वेग हे उत्तर सगळे देतात, पण ते अर्धं आहे. कडक जमिनीत ससा नवं बीळ क्वचितच खणतो. तो जुन्या बिळांत राहायला येतो. रोगाने नव्याण्णव टक्के भाडेकरू गेले तरी चाळ तशीच उभी राहते. म्हणून तिथल्या जाणत्या माणसांनी बिळंच फोडायचा मार्ग धरला. ट्रॅक्टर किंवा बुलडोझरला लांब फाळ लावून जमीन ५० ते ९० सेंटिमीटर खोल चिरायची. दोन चिरांमध्ये अर्ध्या मीटरहून जास्त अंतर ठेवायचं नाही. एकदा उभं, एकदा आडवं जायचं आणि सगळ्यांत बाहेरच्या तोंडापलीकडे तीन-चार मीटरपर्यंत फाळ न्यायचा.

यात चुकतं ते बहुधा क्रमात. आधी आमिष किंवा रोगाने संख्या खाली आणायची, मग बिळं फोडायची, मग उरलेली तोंडं शोधून बुजवायची. लोक गर्दी असतानाच फाळ घालतात. ससे दोन दिवसांत ढिल्या मातीतून वर येतात आणि पूर्वीपेक्षा सोप्या जमिनीत घर थाटतात. दुसरी चूक काठाची. झाडाच्या मुळाशी किंवा खडकाजवळ फाळ जात नाही म्हणून एक बीळ सोडलं जातं, आणि पुढच्या हंगामात त्याच तोंडातून पुन्हा वस्ती सुरू होते. तिसरी चूक म्हणजे परत न येणं. काही आठवड्यांनी पुन्हा फिरून उघडलेली तोंडं बंद केली नाहीत तर पहिला खर्च वाया.

डोकी मोजण्याचा उलटा तोटा ब्रिटनने पाहिला. १९५३ मध्ये मिक्सोमा तिथे पोहोचला आणि बहुतेक ससे मेले. शेतकरी खूश झाले, आणि त्यात गैर काही नव्हतं. पण डोंगरउतारांवरचं गवत, जे सशांच्या दातांनी दोन-तीन सेंटिमीटरांवर राहत होतं, ते वाढत गेलं. उंच गवताच्या सावलीत जमीन थंड पडली. ऊबदार उघडी माती लागणारी लाल मुंग्यांची एक जात त्यामुळे कमी झाली. ‘लार्ज ब्लू’ नावाच्या निळ्या फुलपाखराच्या अळ्या याच मुंग्यांच्या वारुळात वाढत. आधीच चराई सुटल्याने फुलपाखरू अडचणीत होतं; १९७९ मध्ये ते देशातून नाहीसं झालं. पुढे स्वीडनमधून आणून ते पुन्हा वसवलं, तेव्हा खरं काम फुलपाखरू सोडण्याचं नव्हतंच. गुरं-मेंढ्या चारून गवत सशाने ठेवलं असतं त्या उंचीवर आणायचं होतं. हेच काम आधी ससे फुकट करत होते.

तिबेटच्या पठारावरचा पिका सशांचाच चुलत नातलग. कानाने आखूड, शेपटी जवळजवळ नाहीच. कुरणं उजाड होतात ती यानेच, असं ठरवून गेल्या शतकाच्या मध्यापासून त्याला प्रचंड प्रमाणावर विष घातलं गेलं. आता कारण आणि परिणाम उलटे धरले की काय होतं ते बघा. पिका या प्राण्याला आखूड गवत लागतं. शिकारी लांबून दिसला पाहिजे. गुरांनी कुरण खरडून काढलं की तिथे पिका वाढतो. उजाड कुरणात पिका दिसतो म्हणून त्याने ते उजाड केलं असं म्हणणं म्हणजे आगीच्या जागी बंब दिसतो म्हणून बंबावर खटला भरणं. त्याच्या बिळांत हिमचिमण्या घरटी करतात, बिळांवाटे पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, कोल्हे-ससाण्यांचं पोट भरतं. विष घातल्यावर हे सगळं जातं, गवत मात्र परत येत नाही, कारण गुरं तितकीच राहतात.

सोडण्याच्या बाजूचा हिशोबही असाच फसतो. आयबेरियन लिंक्सच्या आहारात आठ-नऊ दशांश भाग सशांचा असतो. एका प्रौढाला दिवसाला साधारण एक ससा लागतो. म्हणून दुसरीकडून पकडून ससे आणून सोडले जातात. पकडणं, पेटी, प्रवास, अनोळखी जागा. पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यातच त्यांतले बहुतेक कोल्ह्याच्या तोंडी जातात किंवा धसक्याने मरतात, असा अनुभव वारंवार आला आहे. जिथे जमलं तिथे आधी घर केलं होतं: दगड आणि ओंडक्यांचा ढीग रचून त्यावर माती, आत जाण्या-येण्याची अनेक तोंडं, भोवती काही दिवसांपुरतं कुंपण, आणि उडी मारून दडता येईल इतक्या अंतरावर झुडपं. चराऊ पट्टा झुडपांच्या कडेला लागून हवा, कारण ससा आडोशापासून फार दूर जाऊन चरत नाही. लिंक्सचे २००१ मध्ये ६२ प्रौढ उरले होते, २०२२ मध्ये ते ६४८ झाले. त्याचं श्रेय बंदिस्त प्रजननाला दिलं जातं आणि ते योग्यही आहे, पण त्या कार्यक्रमाच्या खर्चात सशाच्या अधिवासाचं काम नसतं तर सोडलेले लिंक्स खाणार काय होते?

आता रानसशाकडे येऊ, कारण डोकी मोजण्याची खोड सर्वांत महागात पडते ती त्याच्या बाबतीत. युरोपभर १९६० च्या दशकापासून तो घटत गेला. चर्चा मात्र शिकारीवर बंदी हवी की नको याभोवती फिरते. बंदी घालावी, मी विरोध करणार नाही. पण रानसशाची पिल्लं बंदुकीने फारशी मरत नाहीत, गवत कापण्याच्या यंत्राने मात्र बरीच मरतात.

ते कसं, ते जवळून बघण्यासारखं आहे. पिल्लं जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत एकमेकांपासून पांगतात आणि एकेक करून गवतात दबून बसतात. आई दिवसभर त्यांच्याकडे फिरकत नाही, कारण तिच्या वासामागे कोल्हा येईल. सूर्य मावळल्यावर सगळी जन्मजागेजवळ गोळा होतात, आई येते, चार-पाच मिनिटं पाजते आणि निघून जाते. दिवसातून एकदा, बस्स. बाकीचा सगळा वेळ पिल्लाचं एकच शस्त्र: हलायचं नाही. कान पाठीवर चपटे, पोट जमिनीला, डोळे टक्क उघडे. कोल्ह्यासाठी हे शस्त्र लाख मोलाचं, फिरत्या पात्यासाठी शून्य मोलाचं. पातं पाच-सात सेंटिमीटरांवरून येतं आणि पिल्लू नेमकं त्याच उंचीत असतं. (‘अनाथ’ पिल्लू उचलून घरी नेणारी दयाळू माणसंही याच अज्ञानातून नुकसान करतात. एकटं दिसणारं पिल्लू बहुधा अनाथ नसतं. त्याची आई संध्याकाळी येणार असते.)

मुरघासासाठी गवत पाच-सहा आठवड्यांनी कापलं जातं. पिल्लाला दुधावरून सुटायला चार आठवडे लागतात. म्हणजे दोन कापण्यांमधल्या फटीत एक वेत जेमतेम बसतं, तेही जन्म नेमका कापणीनंतर लगेच झाला तर. म्हणून मला शिकारीच्या परवान्यापेक्षा कापणीच्या वेळापत्रकात जास्त रस आहे. करण्यासारखं बरंच आहे आणि ते महाग नाही. पातं दहा-बारा सेंटिमीटरांवर घ्यावं. थोडा चारा कमी मिळतो, पण बुंधे शाबूत राहून फुटवा लवकर येतो आणि चाऱ्यात माती कमी जाते. कडेकडेने गोल फिरत आत कापत जाण्याची सवय सोडावी, कारण त्यात जनावरं मधल्या आक्रसत्या बेटात कोंडली जातात आणि शेवटच्या फेरीत सगळी सापडतात. मधून बाहेर, किंवा एका बाजूने आडोशाच्या दिशेने कापावं. रात्री कापू नये. याने मोठी पिल्लं आणि प्रौढ वाचतात; पहिल्या दोन आठवड्यांतलं पिल्लू तरीही हलत नाही. त्याच्यासाठी उष्णता टिपणारा कॅमेरा बसवलेला ड्रोन सूर्योदयाआधी फिरवावा लागतो. ऊन चढलं की जमीनच तापते आणि पडद्यावर सगळंच पांढरं दिसू लागतं. सापडलेलं पिल्लू उघड्या हाताने न धरता दोन्ही हातांत गवत घेऊन उचलावं आणि न कापलेल्या पट्ट्यात ठेवावं. पट्टा शिल्लक असेल तर. दहातला एक भाग पुढच्या कापणीपर्यंत उभा ठेवण्याची अट म्हणूनच हवी.

पिकाच्या शेतात गोष्ट वेगळी. गहू कोवळा असतो तेव्हा रानसशाची मेजवानी. गुडघ्यावर गेला की त्याच शेतात उपास, कारण ताठ कोरडं धाट त्याच्या कामाचं नाही. जुन्या लहान शेतांच्या ठिगळांत हे खपून जायचं. इथे गहू वाढला तर शेजारी कुरण, त्यापलीकडे कंदपीक, मध्ये तणांचा बांध. बांध मोडून शेतं एक झाली, सगळीकडे एकच पीक एकाच दिवशी पेरलं, की मेजवानी आणि उपास दोन्ही मैलभर एकदम येतात. मादी लांब फिरते, कृश होते, दुधाला कमी पडते. कापणीनंतर लगेच नांगरट झाली तर धसकटांत उगवणारं तणही जातं. आणि अशा उघड्या गवताळ जागेला ‘ओसाड’ म्हणून तिथे रांगेत झाडं लावणं हा तर निव्वळ उरफाटा उपकार. लांबवर बघून पळणाऱ्या प्राण्याची नजर अडते आणि शिकारी पक्ष्याला बसायला फांदी मिळते.

मग मोजायचं काय? खुणा केलेली एक काठी घ्यावी, ठरलेल्या रेषेवर चालावं, दर दहा पावलांनी काठी उभी करून गवताची उंची लिहावी. पन्नास नोंदी पुरतात. पाच सेंटिमीटरांखालचं, पाच ते तीसचं आणि त्यावरचं, असे तीन ढीग करावेत. सगळ्या नोंदी एकाच ढिगात पडल्या तर, तो ढीग कुठलाही असो, जागा आजारी आहे. वर्षातून चार वेळा हे करावं. जोडीला एक चौरस मीटरची चौकट टाकून आतल्या लेंड्या साफ कराव्यात आणि महिन्याने परत मोजाव्यात. सशाच्या गोल, लहान आणि एका ठिकाणी ढिगाने असतात. रानसशाच्या मोठ्या, थोड्या चपट्या, विखुरलेल्या. पावसाळ्यात लेंड्या विरघळतात, तेव्हा त्या आकड्यावर भरवसा नको. कोंब कुरतडलेला दिसला की आरोप करण्याआधी कापा बघावा: तिरका आणि सुरीने कापल्यासारखा स्वच्छ असेल तर ससा, चिंध्या झालेला असेल तर हरण, कारण त्याला वर पुढचे दात नसल्याने ते ओढून तोडतं. निम्मी भरपाईची भांडणं इथेच मिटतील. एका वर्षाच्या शिरगणतीवर निर्णय घेणाऱ्यांनी कॅनडाच्या हिमससाचा आलेखही बघावा. तो आठ ते अकरा वर्षांच्या फेऱ्यात आपोआप चढतो आणि कोसळतो. चढत्या वर्षी मोजणारा मारायला सांगेल, उतरत्या वर्षी मोजणारा सोडायला.

यावर एक आक्षेप रास्त आहे: काही ठिकाणी मारावंच लागतं. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वॉरी बेटावर २००० मध्ये मांजरं संपवली. त्यानंतर ससे इतके वाढले की उतारावरची झाडोरी खाल्ली गेली आणि २००६ मध्ये कडा ढासळून खाली पेंग्विन गाडले गेले. मग ससे, उंदीर, घुशी सगळं एकदम संपवण्याची मोहीम घेऊन २०१४ मध्ये बेट मुक्त जाहीर झालं. जपानच्या अमामी बेटावर १९७९ मध्ये साप मारायला मुंगूस सोडले, ते तिथल्या दुर्मीळ काळ्या सशावर उलटले. त्यांचं निर्मूलन पूर्ण झाल्याची घोषणा २०२४ मध्ये झाली, आणि ससा सावरला. ही उदाहरणं मला मान्य आहेत. पण त्यांतल्या तीन अटी विसरू नयेत: जागा बेट होती, प्राणी परका होता, आणि शेवटचा जीव मिळेपर्यंत काम थांबलं नाही. ज्या खंडाला चारी बाजूंनी दारं उघडी आहेत तिथे नव्वद टक्के मारून थांबणं म्हणजे पुढच्या वर्षीची पेरणी करणं.

शेतकऱ्याचं नुकसानही खरं आहे, त्याला उपदेश पाजून भागणार नाही. कोवळ्या पिकाला ९० सेंटिमीटर उंच, तीन सेंटिमीटर भोकांची जाळी लावावी आणि खालची पंधरा सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला वळवून मातीत दाबावी. आत वळवली तर ससा कुंपणाला लागून खणतो आणि थेट आत निघतो. बहुतेक कुंपणं याच एका चुकीने फुकट जातात. या जाळीला अनुदान द्यावं. मेलेल्या सशामागे पैसे देऊ नयेत, सोडलेल्या सशामागेही देऊ नयेत; पेटीचं दार उघडतानाचा फोटो छान येतो, एवढाच त्याचा उपयोग. पैसे द्यावेत ते उशिरा कापलेल्या गवताला, धसकटं उभी ठेवलेल्या शेताला आणि बांधाच्या मीटराला. बांधाचे पैसे लांबीवर देताना रुंदीची अट मात्र विसरू नये. दोन मीटरची सलग अरुंद पट्टी राखली की कोल्ह्याला आयती पायवाट मिळते. तो नाक खाली घालून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो आणि वाटेतलं प्रत्येक पिल्लू उचलतो. पट्टी किमान सहा मीटर रुंद असावी, मध्ये मध्ये तोडलेली असावी, आणि शक्य तिथे तिच्याऐवजी शेताच्या मधोमध ठिगळं सोडावीत.